२५६ घरांतील अडकित्ता

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे एकत्र कुटुंबांत एक तक्रार हटकून कानीं येते. मुलगा दिवसभर संगणकापुढें बसतो. ना बाहेर खेळायला जात, ना पुस्तक हातीं धरीत. तक्रार करणाऱ्या वडील मंडळींना आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, मुलाला रागें भरण्यापूर्वीं एकदां त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहावें. कदाचित् तो खेळत नसेल, खेळासाठीं चित्र काढीत असेल. आणि हीं दोन कामें एक नव्हेत. पत्ते कुटणारा गृहस्थ आणि पत्ते रंगविणारा चितारी यांना आपण एका पंक्तीस बसवीत नाहीं, तसेंच हें आहे.

हें चित्र कसलें तें आधीं सांगितलें पाहिजे. संगणकावरील पुष्कळ खेळांत खेळणाराजवळ एक झोळी असते. वाटेंत सांपडलेली, विकत घेतलेली किंवा स्वतः बनविलेली वस्तु तो या झोळींत ठेवतो. झोळी उघडली म्हणजे पडद्यावर चौकोनी घरांची मांडणी दिसते आणि एकेका घरांत एकेका वस्तूचें इवलेंसें चित्र असतें. कुदळ, भाकरी, दोर, कंदील असें कांहींही. या चित्राला आयकॉन म्हणतात. माइनक्राफ्ट हा खेळ आज जगभर मुलें खेळतात. त्याच्या झोळींत अशीं ३६ घरें आहेत, आणि त्यांतील वस्तूंचीं मूळ चित्रें १६ ठिपके लांब व १६ ठिपके रुंद, म्हणजे अवघ्या २५६ ठिपक्यांचीं असतात. ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आपण त्याला घर म्हणूं.

खेळ विकणाऱ्या कंपनीनें जेवढें दिलें तेवढ्यावर हौशी मुलांचें समाधान होत नाहीं. तीं त्यांत नव्या वस्तु, नवे प्राणी, नवे नियम आपल्या बुद्धीनें घालतात. या जोडकामाला मॉड असें नांव आहे. आपल्या कानांना हा शब्द जुनीं भांडीं मोडींत घालण्याची आठवण करून देतो. परंतु स्वभावानें तो मटकीच्या मोडाच्या जवळचा आहे. मूळ दाणा तसाच राहतो आणि त्यांतून कांहीं नवें फुटतें. १९९९ सालीं दोघां तरुणांनीं ‘हाफ लाइफ’ या खेळाला असेंच एक जोडकाम केलें. तें ‘काउंटर स्ट्राइक’ या नांवानें इतकें गाजलें कीं, पुढच्याच वर्षीं मूळ कंपनीनें तें स्वतः विक्रीस आणलें. सगळ्यांच्याच जोडकामाचें असें सोनें होत नाहीं. पण उद्योग रिकामटेकडा नाहीं एवढें यावरून दिसावें.

इतक्या थोड्या जागेंत वस्तु ओळखूं येईल अशी काढणें ही कांहीं परदेशची नवलाई नव्हे. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसली कीं अक्षय्य तृतीयेपर्यंत दारापुढें चैत्रांगण काढण्याची चाल आपल्या घरांतून आहे. झोपाळ्यावरची गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्में, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती. आणि त्यांच्याच शेजारीं फणी, करंडा नि आरसा. देवाचीं आयुधें आणि बायकांच्या नित्याच्या वस्तु एकाच अंगणांत, एकाच मापानें! त्यांतली फणी नीट पाहावी. तिला दांत किती असावेत असें कोणी विचारीत नाहीं. एक आडवी रेघ आणि तिच्या दोहों अंगांस पांचसात बारीक उभ्या रेघा, एवढ्यानें ती फणी होते. जिनें हें चिन्ह पहिल्यानें काढलें तिला फणींतलें काय ठेवावें आणि काय गाळावें हें कळलें होतें. आयकॉन काढणाराला शिकावयाचें तें हेंच.

खेळासाठीं लहान चित्र काढण्याचा धंदाही आपल्याकडे जुना आहे. सावंतवाडीचे चितारी गंजिफा रंगवितात त्या तळहातावर मावतील अशा गोल पानांवर. दशावतारी गंजिफेंत प्रत्येक अवताराचीं १२ याप्रमाणें १२० पानें. एक राजा, एक प्रधान आणि चिन्हांचीं १ ते १० अशीं दहा. मत्स्यावताराच्या दहाव्या पानावर दहा मासे मावले पाहिजेत. मग एकेका माशाच्या वाट्याला जागा ती किती यावी? शिवाय पानें हातांत पंख्यासारखीं धरलीं असतांही कोणतें पान कोणत्या अवताराचें हें निमिषांत कळलें पाहिजे; म्हणून प्रत्येक अवताराच्या पानांची भूमि निरनिराळ्या रंगाची ठेवतात. गेल्या शतकांत ही कला बुडण्याच्या बेतास आली होती. तेव्हां सावंतवाडीचे श्रीमंत शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागीर बसवून तिला जीवदान दिलें.

संगणकाच्या दुनियेंतही या कामाचा आरंभ कागदावरच झाला. १९८४ सालीं ॲपल कंपनीनें मॅकिंटॉश नांवाचा संगणक विक्रीस आणला. त्यावरील चित्रें सुझन केअर या बाईंनीं काढलीं. त्या चित्रकलेच्या जाणकार. संगणकाचा अनुभव त्यांना नव्हता. त्यांनीं चौकटीची वही विकत घेतली आणि ३२ घरें लांब व ३२ घरें रुंद अशा चौकोनांत एकेक घर भरून केराची टोपली, घड्याळ, रंगाचा डबा हीं चित्रें केलीं. भरतकामाचा कसूति टांका किंवा लोकरीच्या विणकामांतली नक्षी ज्यांनीं चौकटीच्या कागदावर उतरून घेतली आहे, त्या आमच्या वाचकभगिनींना या कामांत परकें असें कांहींच वाटणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिला प्रश्न रंगाचा नाहीं, बाजूचा आहे. वस्तु कोणत्या बाजूनें दाखवावी? विळी समोरून काढली तर एक उभी रेघ उरते. तीच कुशीकडून काढली कीं खालीं पाट, त्यावर वांकलेलें पातें आणि टोंकाशीं खवणीची दंतुर चकती अशी ती बोलूं लागते. पाटा-वरवंटा कुशीकडून नुसता दगड दिसतो. तो वरून तिरपा पाहावा, म्हणजे पाट्याचा पसारा आणि त्यावर आडवा पडलेला वरवंटा दोन्ही दिसतात. अडकित्ता मिटलेला काढूं नये. मिटला कीं त्याची काठी होते. तो अर्धवट उघडा असावा, दोन दांडे खालीं फांकलेले, आणि पात्याखालीं सुपारीचे दोन तपकिरी ठिपके. त्या दोन ठिपक्यांनीं जें काम होतें तें दांड्यावरच्या सगळ्या नक्षीनें होत नाहीं.

पळी, लाटणें, रवी अशा लांबट वस्तु चौकोनांत कर्णावर ठेवाव्या. चौकोनांतील सर्वांत लांब रेघ कर्णाची, हें भूमिति शिकलेल्या मुलाला सांगावें लागत नाहीं. समईची गोष्ट निराळी. ती उभीच पाहिजे. तिरपी समई पाहून घरांतल्या कोणाही बाईचा जीव तेल सांडेल म्हणून खालवर होईल.

बाजू ठरली कीं आकार एकाच काळ्या रंगानें भरावा आणि छायेवरून वस्तु ओळखते का तें पाहावें. ही परीक्षा घरांतील आजी-आजोबांकडून घ्यावी, आणि तीही खोलीच्या दुसऱ्या टोंकाला बसवून. त्यांनीं चष्मा सारखा करीत “काय रे हें?” असें विचारलें, तर चित्र पुन्हां काढावें. जें सांवलीनें ओळखूं येत नाहीं तें रंगानें क्वचितच सुधारतें.

नंतर रंग. उजेड एकाच बाजूचा धरावा, बहुधा डावीकडून वरचा, आणि झोळींतल्या सगळ्या वस्तूंना तोच असावा. नाहीं तर शेजारच्या दोन घरांत दोन सूर्य उगवतात. एका धातूला तीनचार छटा पुरेत. पितळेची सांवली काळी करूं नये, तपकिरीकडे झुकवावी. तांब्याची तांबूस काळपट करावी. हें पुस्तकांत वाचण्यापेक्षां पुण्यांत राहणाऱ्यांनीं कसबा पेठेंतील तांबट आळींत एक फेरी मारावी. हातोडीनें ठोकून भांड्यावर उमटविलेल्या खळग्यांना तेथें मठारकाम म्हणतात. मठारलेल्या हंड्यावर उजेड सलग पडत नाहीं, ठिपक्याठिपक्यांनीं चमकतो. १६ घरांच्या चित्रांत ते सगळे ठिपके काढतां येणार नाहींत. पण योग्य जागीं तीन फिकीं घरें ठेविलीं तर ‘हें भांडें हातानें घडविलेलें आहे’ असें तीं सांगतात. पाट्यावरील टांकीचे घाव दाखवावयासही चारपांच काळसर घरें पुष्कळ झालीं.

यंत्राच्या बाजूच्या गोष्टी थोड्या आहेत. चित्र पीएनजी या प्रकारानें साठवावें. त्यांत वस्तूभोंवतालची जागा पारदर्शक ठेवतां येते व कडा स्वच्छ राहतात. छायाचित्रांसाठीं वापरला जाणारा जेपीजी प्रकार कडा बरबटवितो आणि पारदर्शक जागा त्यांत राहतच नाहीं. चित्र मोठें करून पाहावयाचें तर दुप्पट, चौपट असें पूर्ण पटीनेंच करावें. आणि काढतांना कितीही मोठें करून काढलें तरी शेवटचा निकाल मूळ आकारांतच द्यावा, कारण खेळणाराला तें तेवढेंच दिसणार आहे. गिंप किंवा क्रिता यांसारखीं साधनें फुकट मिळतात. तींही नसलीं तर अंकगणिताची चौकटीची वही आणि रंगीत पेन्सिली घ्याव्या. निम्मीअधिक विद्या तेथेंच येते.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? अडकित्त्याचें छायाचित्र घ्यावें आणि यंत्राकडून तें लहान करून घ्यावें. करून पाहावें. लक्षावधि ठिपक्यांचें छायाचित्र २५६ घरांत कोंबलें कीं यंत्र शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतें. पात्याचा पांढरा आणि दांड्याचा पिवळा मिळून चिखल होतो. यंत्र सरासरी काढतें, माणूस निवड करतो. सारा भेद एवढाच. हल्लीं चार शब्द सांगतांच चित्र करून देणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. त्यांचा अडकित्ता दिसायला झगझगीत असतो, पण बिजागरी कोठें आणि पातें कोठें यांचा मेळ पुष्कळदां बसत नाहीं. आणि ज्यानें अडकित्ता कधीं हातीं धरला नाहीं, त्या मुलाला ती चूक दिसणार तरी कशी?

येथें या विषयाचें खरें मर्म आहे. लहान चित्र काढावयास मोठ्या चित्राहून वस्तूची ओळख अधिक लागते. मोठ्या कागदावर न समजलेला भाग नक्षीखालीं झांकतां येतो. २५६ घरांत झांकावयास जागाच नसते. नवीन वस्तु खेळांत घालतांना तिचें नांव लिहावें लागतें आणि ती कशाची बनते हेंही ठरवावें लागतें. माइनक्राफ्टमध्यें तर त्यासाठीं तीन घरें लांब नि तीन घरें रुंद असा पटच मांडलेला असतो. म्हणजे विळी घालावयाची तर तिला लांकूड किती आणि लोखंड किती, सूप आणि रोवळी दोन्ही बांबूचींच असतां पाखडावयाचें कोणतें आणि तांदूळ धुवावयाचें कोणतें, हें मुलाला कोणाला तरी विचारावें लागेल. तें सांगणारें माणूस घरांत असतें, पण तें सत्तरी ओलांडलेलें असतें. वस्तु माळ्यावरून मोडींत जाते. तिचें नांव मात्र त्या माणसाबरोबर जातें, आणि गेलेलें नांव कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहीं.

एका गृहस्थांनीं हें पुण्यांत फार पूर्वीं ओळखलें होतें. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत. अल्पवयांत गेलेल्या राजा या आपल्या मुलाच्या नांवानें त्यांनीं जें संग्रहालय उभें केलें, तें शुक्रवार पेठेंत आजही पाहावयास मिळतें. त्यांतील वस्तु २०,००० च्या वर आहेत. रत्नखचित म्हणून त्या जमविलेल्या नाहींत. दिवे, अडकित्ते, फण्या, वज्र्या, स्वयंपाकाचीं भांडीं, दाराच्या चौकटी; लोक ज्यांना अडगळ म्हणतात तें सारें त्यांनीं हयातभर गांवोगांव हिंडून गोळा केलें. १९९० सालीं ते निवर्तले. आयकॉन काढणाऱ्या मुलाला या संग्रहालयासारखी दुसरी शाळा नाहीं. एकाच कामाच्या शंभर अडकित्त्यांत कोणता भाग बदलतो आणि कोणता कधींच बदलत नाहीं तें त्यानें पाहावें. जो बदलत नाहीं तोच चित्रांत घ्यावयाचा.

एक सूचना नीतीची. दुसऱ्यानें काढलेलें चित्र उचलून त्याचे दोन ठिपके बदलावे आणि आपलें म्हणून मिरवावें, हा प्रकार या छंदांत पुष्कळ चालतो. दुसऱ्याच्या वहींतून गणितें उतरविण्यास आपण जें नांव देतों तेंच याला द्यावें. आपल्याकडील १९५७ चा कॉपीराइटचा कायदा चित्रांनाही लागू आहे. कर्त्याच्या हयातीपर्यंत व त्याच्या पश्चात् ६० वर्षें त्याचा हक्क चालतो. कित्येक चित्रकार ‘माझें नांव द्या आणि खुशाल वापरा’ असें लिहून ठेवतात. तेथें नांव देण्यास विसरूं नये. प्रत्येक खेळाच्या कंपनीचेही जोडकामाविषयीं नियम असतात. ते वडील माणसानें मुलाबरोबर बसून वाचावे. घरच्या विळीवरून स्वतःच्या हातानें काढलेल्या चित्राला मात्र कोणाची परवानगी लागत नाहीं.

आपल्या वस्तु जगाला रुचतील का, ही शंका आतां उरलेली नाहीं. पुण्याच्याच नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं ‘राजी’ नांवाचा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी, तिच्या हातीं त्रिशूळ आणि धनुष्य, आणि भोंवतीं आपल्याकडच्या शिल्पांतले महाल. हा खेळ देशोदेशींच्या खेळाडूंनीं खेळला. देवांचीं आयुधें अशीं पोहोंचलीं. चैत्रांगणांत त्यांच्या शेजारीं बसणारी फणी आणि करंडा अद्याप मागें आहेत. तें काम मोठ्या मंडळ्यांचें नव्हे, घराघरांतील मुलांचें आहे.

तेव्हां या सुट्टींत प्रत्येक घरानें एवढें करावें. माळ्यावरून, कोठींतून, देवघरांतून मिळून दहा वस्तु खालीं काढाव्या. आजीनें नांवें सांगावीं, आजोबांनीं त्या चालवून दाखवाव्या, मुलांनीं वहींत बाजू ठरवाव्या आणि मग संगणकाला हात लावावा. नांवें देवनागरींत व शुद्ध लिहावीं; ‘विळी’ आणि ‘वेळी’ यांतला भेद खेळणाऱ्या परक्या मुलाला कळणार नाहीं, पण काढणाऱ्याला कळला पाहिजे. दहांतलीं चार चित्रें साधलीं तरी सुट्टी सत्कारणीं लागली. उरलेल्या सहांसाठीं आजीला पुन्हां विचारावें लागेल, आणि तें लवकर विचारावें.